टिलव्याची दोन घड्याळे

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात की सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण लागते. भीमा नदीवरील उजनी धरणाचा जलाशय येथपर्यंत पसरलेला आहे. जानेवारी-फेब्रुवारीत अनेक शाळांच्या सहली येथे येतात, त्या मुख्यतः रोहित पक्षी पाहण्यासाठी. होडीत बसलेली मुले गुलाबी पंखांकडे बोट दाखवून आनंदाने ओरडतात. त्याच वेळी काठच्या ओल्या चिखलात चिमणीएवढे, करड्या-पांढऱ्या रंगाचे पाच-पंचवीस पक्षी लगबगीने धावत असतात. शिवणयंत्राच्या सुईसारखी त्यांची चोच सारखी खालीवर होत असते. त्यांच्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही.

त्यांचे नाव छोटा टिलवा. भिगवणला जाणे जमले नाही तर पुण्याजवळच लोणी काळभोरपाशी, कवडी येथे मुळा-मुठेच्या पात्रातही तो हिवाळ्यात दिसतो. आर्क्टिक म्हटले की आपल्याला लोकमान्य टिळकांचा १९०३ सालचा ग्रंथ आठवतो, किंवा चित्रातले पांढरे अस्वल आठवते. पण खरेखुरे आर्क्टिकचे रहिवासी दर वर्षी आपल्या गावाबाहेरच्या चिखलात येऊन राहतात, हे किती जणांना ठाऊक असते?

दोन-तीन वर्षांपूर्वी मी काही शाळकरी मुलांना घेऊन कवडीला गेलो होतो. दुर्बिणीतून टिलवा दाखवला आणि तो उन्हाळ्यात आर्क्टिकला जाऊन पिल्ले वाढवतो असे सांगितले. तेव्हा नववीतील एका मुलीने विचारले, “सर, इथे बसून त्याला तिकडचा बर्फ वितळला की नाही हे कसे कळते?” मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. “दिवसाच्या लांबीवरून,” असे उत्तर मी दिले खरे. पण घरी येताना जाणवले की हे उत्तर अर्धेच आहे. दिवसाची लांबी ही एक गोष्ट आणि बर्फ वितळणे ही दुसरी. आजवर या दोन गोष्टी बरोबरीने चालत होत्या, म्हणून आपले उत्तर चालून जात होते. आता त्यांची फारकत होऊ लागली आहे. तिच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

तीन नाण्यांएवढा प्रवासी

दहा रुपयांची तीन नाणी तळहातावर ठेवा. साधारण तेवीस ग्रॅम झाले. आपल्याकडे हिवाळ्यात दिसणाऱ्या टिलव्याचे वजन जवळपास इतकेच असते. नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सैबेरियापर्यंत पसरलेल्या टुंड्रा प्रदेशात त्याची घरटी असतात. टुंड्रा म्हणजे झाडे नसलेला, खालची माती बाराही महिने गोठलेली असलेला प्रदेश. वरचा वीतभर थर तेवढा उन्हाळ्यात मोकळा होतो आणि त्यावर शेवाळ, गवत व खुरटी झुडपे उगवतात.

पुण्याहून तेथपर्यंतचे अंतर तुम्ही स्वतः काढू शकता. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षवृत्तावर आहे. सैबेरियातील तैमिर द्वीपकल्पाचा मध्य ७४ अंशांच्या आसपास आहे. फरक ५५.५ अंश. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर धरले तर सहा हजारांहून अधिक किलोमीटर झाले. तीन नाण्यांएवढा हा जीव इतका प्रवास वर्षातून दोनदा करतो.

तेथे त्याचा संसार कसा असतो? जमिनीवरील एका लहानशा खळग्यात मादी चार अंडी घालते. चार अंड्यांचे एकूण वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास भरते. पुष्कळदा ही चार अंडी नर उबवतो, आणि मादी दुसऱ्या घरट्यात आणखी चार अंडी घालून ती स्वतः उबवते. म्हणजे एका उन्हाळ्यात दोन घरटी, आणि प्रत्येक घरट्याला एकच पालक! सुमारे तीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. चिमणीची पिल्ले घरट्यात चोच वासून बसतात. टिलव्याची पिल्ले तसे करीत नाहीत. अंग वाळले की ती घरटे सोडतात आणि पहिल्या दिवसापासून स्वतःच किडे वेचून खातात. पालक फक्त राखण करतो आणि थंडी वाजली की पोटाखाली घेऊन ऊब देतो. पुढे मोठी मंडळी आधी दक्षिणेकडे निघतात. दीड-दोन महिन्यांची पोरे मागून येतात, वाट न पाहिलेली आणि सोबतीला आईबाप नसलेली. सप्टेंबरात आपल्या चिखलात उतरणाऱ्या टिलव्यांत अशी पोरेही असतात.

पहिले घड्याळ : उजेडाचे

पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे ऋतू होतात हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. या कलामुळेच दिवसाची लांबी बदलते. पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. तैमिरमध्ये मे महिन्याच्या सुरुवातीला सूर्य मावळायचा थांबतो, तो ऑगस्टपर्यंत मावळत नाही.

पक्ष्यांचा मेंदू दिवसाची लांबी मोजतो. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूतील काही पेशींना थेट जाणवतो. त्यावरून शरीरातील संप्रेरके ठरतात, भूक वाढते, चरबी साठते आणि प्रवासाची ओढ लागते. पुण्यात दिवसाच्या लांबीतील फरक फार नसतो. पण पक्ष्यांच्या शरीरात वर्षाची मोजदाद करणारी आणखी एक आंतरिक यंत्रणा असते. जर्मनीत एबरहार्ड ग्विनर या शास्त्रज्ञाने स्थलांतर करणारे छोटे पक्षी बारा तास उजेड व बारा तास अंधार अशा न बदलणाऱ्या खोलीत ठेवले. तरीसुद्धा स्थलांतराचा काळ आला की ते पक्षी रात्रभर पिंजऱ्यात तळमळत फडफडत. उजेड या आंतरिक यंत्रणेला फक्त वेळेवर लावून देतो, जसे आपण आकाशवाणीच्या वेळेवरून घड्याळ लावावे तसे.

हे घड्याळ अतिशय भरवशाचे आहे. पृथ्वीच्या अक्षाचा कलही बदलतो, पण त्याला हजारो वर्षे लागतात. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून २१ जूनचा दिवस एका सेकंदानेही लांबत नाही.

दुसरे घड्याळ : उष्णतेचे

टुंड्रावरील बर्फ कधी वितळेल, मातीतील अळ्यांमधून डास, चिलटे व माश्या कधी बाहेर पडतील, हे उजेडाच्या घड्याळावर ठरत नाही. ते उष्णतेवर ठरते, आणि हे घड्याळ आता पुढे धावू लागले आहे.

१९७९ पासूनच्या मोजमापांनुसार आर्क्टिक प्रदेश पृथ्वीच्या सरासरीपेक्षा जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. असे का व्हावे? यामागील एक मोठे कारण तुम्ही गच्चीवर पाहू शकता.

करून पाहा : एक पांढरे आणि एक काळे जाड कापड उन्हात शेजारी शेजारी पसरा. दोन्ही कापडे पंधरा मिनिटे तापू द्या. मग एकाच साच्यातील बर्फाचे दोन सारखे खडे दोन्हींवर ठेवा आणि कोणता खडा आधी संपतो त्याची वेळ लिहून ठेवा. काळ्या कापडावरील खडा हरतो.

आर्क्टिकमध्ये हेच घडते. ताजा बर्फ त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी ८० ते ९० टक्के प्रकाश परत पाठवतो. समुद्राचे उघडे पाणी दहा टक्क्यांहूनही कमी परत पाठवते आणि बाकीचा शोषून घेते. थोडा बर्फ वितळला की खालचे गडद पाणी किंवा काळी माती उघडी पडते. ती अधिक तापते, त्यामुळे आणखी बर्फ वितळतो, आणि आणखी पृष्ठभाग उघडा पडतो. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा हा प्रकार आहे. सप्टेंबर महिन्यात आर्क्टिक समुद्रावरील बर्फाचे क्षेत्र वर्षातील सर्वांत कमी असते. उपग्रहांनी १९७९ पासून ठेवलेल्या नोंदींत ते २०१२ साली नीचांकाला पोहोचले. तेव्हा केवळ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर बर्फ उरला होता.

घड्याळे जुळली नाहीत तर?

आता ही दोन घड्याळे शेजारी ठेवू आणि एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, पूर्वी एखाद्या ठिकाणी बर्फ १० जूनला वितळत असे, किड्यांचा सुकाळ जुलैच्या पहिल्या आठवड्यात येत असे आणि पिल्लेही त्याच आठवड्यात अंड्यांबाहेर पडत. आता बर्फ २७ मे रोजीच वितळू लागला. किड्यांचा सुकाळ जूनच्या मध्यावर येऊन सरला. पक्षी मात्र उजेडाच्या घड्याळाप्रमाणे निघाला, जूनमध्ये पोहोचला, आणि तीन आठवडे अंडी उबवून जुलैमध्ये पिल्ले घेऊन पंगतीला बसला, तर पाने उचललेली!

पिल्लाला यात काय सोसावे लागते हे समजण्यासाठी थोडे गणित करू. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. २ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ २४ आणि घनफळ ८. म्हणजे लहान घनाच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग, तर मोठ्याच्या वाट्याला फक्त ३. उष्णता पृष्ठभागातून बाहेर जाते आणि शरीराच्या आत तयार होते. म्हणून वस्तू जितकी लहान, तितकी ती लवकर निवते. नुकत्याच जन्मलेल्या टिलव्याच्या पिल्लाचे वजन चार ग्रॅमच्या आसपास असते. तेवढ्याशा शरीराला शून्याजवळच्या हवेत तग धरायची तर सतत इंधन हवे, म्हणजेच किडे हवेत. पोटाखाली ऊब घेत बसले तर किडे वेचता येत नाहीत. किडे वेचायला गेले तर अंग गारठते.

अर्थात, दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हवा उबदार झाली तर पिल्लाला कमी वेळ पोटाखाली बसावे लागते आणि अधिक वेळ खाता येते. ऊब ही पिल्लाची शत्रू नाही. ऊब आणि अन्न यांची वेळ चुकणे हा खरा धोका आहे.

हा धोका केवळ कागदावरचा नाही. टिलव्याचा एक मोठा नातेवाईक आहे, रेड नॉट. त्याची एक जात तैमिरमध्ये घरटी करते आणि हिवाळा पश्चिम आफ्रिकेतील मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर काढते. शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या चित्रांवरून तैमिरमधील ३३ वर्षांच्या बर्फाचा हिशेब मांडला. बर्फ वितळण्याची तारीख दर वर्षी सरासरी अर्ध्या दिवसाने अलीकडे आली होती, म्हणजे एकूण दोन आठवड्यांहून अधिक. दक्षिणेकडे जाताना पोलंडच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या पोरांना पकडून, मोजून सोडण्यात येत होते. ज्या वर्षी बर्फ लवकर वितळला, त्या वर्षीची पोरे आकाराने लहान आणि चोचीने आखूड निघाली.

आखूड चोचीने काय बिघडते? मॉरिटानियात त्यांचे अन्न म्हणजे वाळूत खोल पुरलेले शिंपले. लांब चोच तेथपर्यंत पोहोचते, आखूड चोच पोहोचत नाही. मग त्या पोरांना समुद्री गवताच्या मुळ्यांवर दिवस काढावे लागतात, आणि त्यांच्यापैकी कमी पोरे जगतात. हे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. आर्क्टिकमध्ये बाळपणी झालेली उपासमार आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिवावर बेतते, असा त्याचा अर्थ.

तुम्ही म्हणाल, मग पक्ष्यांनी लवकर निघावे! काही जण तसा प्रयत्न करतातही. बार्नॅकल गूज नावाचे हंस उत्तर समुद्राच्या काठी हिवाळा काढतात आणि रशियाच्या आर्क्टिक किनाऱ्यावर घरटी करतात. वसंत लवकर आला तर ते वाटेतले मुक्काम टाळून वेगाने जातात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पण इतकी धावपळ करून पोहोचल्यावर अंगात त्राण उरत नाही. पोटभर चरून बळ आल्याशिवाय अंडी घालता येत नाहीत, आणि मिळवलेला वेळ तेथेच खर्च होतो.

टिलव्याच्या कुळातील पक्ष्यांपुढेही हीच अडचण आहे. आर्क्टिकमधील पाणपक्ष्यांच्या नवजात पिल्लांच्या मऊ पिसांमधील कार्बनची तपासणी २००१ साली प्रसिद्ध झाली. अंडी तयार झाली ती टुंड्रावर खाल्लेल्या अन्नातूनच, दक्षिणेकडून आणलेल्या शिदोरीतून नव्हे, असे त्यातून दिसले. दक्षिणेतील चिखल त्यांना तेथवर पोहोचवतो. पुढचा संसार तिथल्या अन्नावर करावा लागतो.

ज्यांचा पाळणाच बर्फाचा

पक्षी निदान उडून येतात आणि जातात. काही कुटुंबे बाराही महिने तेथेच असतात, आणि त्यांच्या घराच्या भिंती व जमीन बर्फाचीच असते.

पांढऱ्या अस्वलाची मादी बर्फात गुहा खणून ऐन हिवाळ्यात पिल्लांना जन्म देते. जन्मताना पिल्लू अर्ध्या किलोहून थोडेच अधिक असते. काही प्रदेशांत ती सलग आठ महिन्यांपर्यंत काही खात नाही. अंगच्या चरबीवर स्वतः जगते आणि पिल्लांना दूधही पाजते. ही चरबी ती मिळवते समुद्रावरील बर्फावर सील मारून. कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम भागात १९८०च्या दशकाच्या तुलनेत बर्फाविना जाणारा काळ सुमारे तीन आठवड्यांनी वाढला आहे. म्हणजे उपास वाढला आणि शिकारीचे दिवस घटले. तेथील मोजणीत २०१६ साली ८४२ अस्वले होती. २०२१ साली ६१८ आढळली.

अस्वलाचे मुख्य भक्ष्य असलेल्या रिंग्ड सीलचे पिल्लूही समुद्रबर्फावर, हिमाच्या घुमटीत जन्मते. हिमाऐवजी पाऊस पडला तर घुमटीचे छत कोसळते आणि पिल्लू उघड्यावर पडते.

वॉलरसची आई पिल्लाला तरंगत्या बर्फावर ठेवून समुद्रतळाशी शिंपले खायला जाते. पाळणाघर आणि खाणावळ एकाच ठिकाणी! बर्फ खोल समुद्रावर मागे हटला की बुडी मारून तळ गाठता येत नाही. मग सारे किनाऱ्यावर गर्दी करतात. सप्टेंबर २०१४ मध्ये अलास्कातील पॉइंट ले या गावाजवळ सुमारे ३५ हजार वॉलरस एकत्र आले होते. अशा गर्दीत कशाने तरी दचकून पळापळ झाली की पिल्ले चिरडून मरतात.

रेनडिअर हिवाळ्यात हिम उकरून खालचे शेवाळ व दगडफूल खातात. भुसभुशीत हिम खुराने सरते. पण त्यावर पाऊस पडून गोठला तर काचेसारखे झाकण बसते. नोव्हेंबर २०१३ मध्ये सैबेरियाच्या यमाल द्वीपकल्पावर असेच झाले आणि त्या हिवाळ्यात सुमारे ६१ हजार रेनडिअर उपासमारीने मेले. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर १९९४ साली जन्मलेल्या प्रौढ माद्या सरासरी ५५ किलोच्या होत्या, तर २०१० साली जन्मलेल्या ४८ किलोच्या. उन्हाळ्यात गवत वाढले म्हणून तेथे रेनडिअरची संख्या वाढली. पण हिवाळ्यात तेच अन्न अधिक तोंडांत वाटावे लागते आणि वर बर्फाचे झाकण. निसर्गाचा जमाखर्च असा गुंतागुंतीचा असतो.

याच स्वालबार्डमध्ये ७९ अंश उत्तरेला आपल्या देशाचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. त्याचे काम गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून चालते. तुमच्यापैकी कोणी उद्या तेथे जाऊन तापमापक वाचील, अशी आशा आहे.

आपल्या वाट्याचा चिखल

हवा तापवणारा कार्बन डायऑक्साइड कमी करणे हे साऱ्या जगाचे काम आहे, आणि ते लांबचे आहे. पण टिलव्याच्या वर्षाचे निम्म्याहून अधिक महिने आपल्याकडे जातात. त्या महिन्यांत त्याला चरबी साठवायची असते. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, साखरेतून ४. म्हणून हलके इंधन म्हणून निसर्गाने चरबी निवडली. ही चरबी येते चिखलातील अळ्या-किड्यांतून. उन्हाळ्याकडे उजनीचे पाणी उतरते आणि ओला काठ उघडा पडतो, तेव्हा टिलव्याला तेथे मेजवानी असते. छायाचित्र चांगले यावे म्हणून थव्याच्या अंगावर होडी नेली तर थवा उडतो. प्रत्येक उड्डाणात सैबेरियासाठी जमवलेली थोडी शिदोरी जळते. कवडीला तर शहराचे सांडपाणी, प्लॅस्टिक आणि जलपर्णी यांतून वाट काढत त्याला दाणापाणी शोधावे लागते.

म्हणून दोन कामे सांगतो. होडीवाल्या काकांना सांगा, “थोडे लांबूनच दाखवा.” आणि शाळेत एक वही ठेवा. आपल्या तळ्याकाठी किंवा नदीकाठी टिलवा पावसाळ्याच्या शेवटी प्रथम कोणत्या तारखेला दिसला आणि उन्हाळ्यात शेवटचा कधी दिसला, एवढेच लिहा. एका वर्षाच्या दोन तारखांना फारसा अर्थ नाही. पण एका शाळेने ही वही वीस वर्षे चालवली तर तो विज्ञानाचा खराखुरा दस्तऐवज होईल. तैमिरच्या बर्फाचा अर्धा दिवस असाच, वर्षानुवर्षांच्या नोंदींतून सापडला आहे.

आणि त्या नववीतल्या मुलीला आज मी असे उत्तर देईन : नाही, बाळ, त्याला तिकडचा बर्फ वितळल्याचे येथे कळत नाही. तो उजेडाच्या घड्याळावर आणि आपल्या पूर्वजांच्या अनुभवावर विश्वास ठेवून निघतो. त्याचे घड्याळ बरोबर आहे. दुसरे घड्याळ आपण माणसांनी पुढे सरकवले आहे.